फॉरवर्ड करायच्या आधी: नव्याने स्मार्टफोन हातात आलेल्यांसाठी सविस्तर गाईड

आई-बाबांना किंवा गावाकडच्या काका-मावशींना स्मार्टफोन घेऊन देताना आपण काय करतो, रिचार्ज मारून देतो, व्हॉट्सॲप टाकून देतो, यूट्यूब कसं लावायचं ते दाखवतो आणि तिथेच थांबतो. स्क्रीनवर जे येतं ते वाचायचं कसं, त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे कोणी शेजारी बसून सांगतच नाही. आमच्या बचत गटातल्या बायकांना मोबाइल शिकवताना मला हेच प्रश्न सगळ्यात जास्त येतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतेय. नुकतंच इन्स्टा उघडलेल्या कॉलेजच्या मुलांनाही उपयोगी पडेल. एका बैठकीत सगळं जमायला हवं असं काही नाही, एकेक पायरी घ्या, हातात फोन घेऊन करून बघा, मग पुढची घ्या.

मला जे मुख्य सांगायचंय ते आधीच सांगून टाकते. आपण सगळे पहिला प्रश्न विचारतो की "हे खरं आहे का?" हा प्रश्न बरोबर आहे पण तो दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा विचारा: हे माझ्या स्क्रीनवर आलं कसं, कोणी आणलं, आणि मी ते बघितल्याने त्याला काय मिळतं? कारण फोनवर काहीच आपोआप येत नाही. रस्ते तीनच आहेत. एक तर ओळखीच्या किंवा अनोळखी कोणीतरी पाठवलं, दुसरं म्हणजे कोणीतरी पैसे भरून तुम्हाला दाखवलं म्हणजे जाहिरात, आणि तिसरं म्हणजे ॲपने स्वतःच निवडून तुमच्या पुढ्यात टाकलं. रस्ता ओळखला की पुढे काय तपासायचं ते निम्मं तिथेच ठरतं.

पायरी १: मेसेज आला असेल तर आधी बाण बघा

व्हॉट्सॲपवर मेसेजच्या वर बारीक अक्षरात "फॉरवर्डेड" असं लिहिलेलं असतं, शेजारी एक छोटा बाण असतो. म्हणजे तुमच्या भावाने पाठवलं असलं तरी ते त्याने लिहिलेलं नाही, त्याला कोणीतरी पाठवलं ते त्याने पुढे ढकललं. बाण दोन असतील, आणि "अनेक वेळा फॉरवर्ड केलेला" अशा अर्थाचं लेबल असेल, तर तो मेसेज किमान पाच चॅटमधून हात बदलत बदलत आलाय. मूळ कोणी लिहिलं हे भावालाही माहीत नाही, त्याला पाठवणाऱ्यालाही नाही. आपला विश्वास असतो भावावर, आणि तो विश्वास आपण न कळत त्या अनोळखी लिहिणाऱ्याला देऊन टाकतो. सगळा घोळ इथे होतो.

हे लेबल उगाच आलेलं नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, मंगळवेढ्याकडून आलेली, भिक्षा मागून पोट भरणारी. त्या भागात आधी बरेच दिवस मेसेज फिरत होते की मुलं पळवणारी टोळी आलीय, सावध राहा. लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथे मारलं. टोळी वगैरे काही नव्हतीच.

त्याच वर्षी देशभर एक व्हिडिओ फिरत होता, दोघं जण मोटरसायकलवरून येतात आणि गल्लीत खेळणाऱ्या पोरांमधल्या एकाला उचलून नेतात. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येईल असाच तो होता. तो कराचीमधल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेला जनजागृतीचा व्हिडिओ होता, मूळ व्हिडिओत तेच दोघं पुढे मुलाला परत आणून सोडतात आणि हातात फलक धरतात. कोणीतरी तो शेवटचा तुकडा कापला आणि खाली आपल्याकडच्या गावांची नावं टाकून सोडून दिला. व्हिडिओत काहीच खोटं जोडलेलं नव्हतं, फक्त शेवट कापला होता, त्यामुळे "मी माझ्या डोळ्यांनी बघितलं" असं म्हणणारा माणूसही फसलेलाच होता.

जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपने फॉरवर्डचं लेबल आणलं आणि भारतात एका वेळी पाचच चॅटमध्ये फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून दोन बाणवाला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. म्हणजे कंपनीने वेग कमी केलाय, बाकीचं आपल्या बोटावर आहे. माझ्यापुरता नियम मी असा केलाय: दोन बाण दिसले की मी तपासल्याशिवाय पुढे पाठवत नाही, मग ते कितीही चांगल्या कामाचं असो, हरवलेल्या मुलाचं असो की रक्ताच्या गरजेचं. हरवलेल्या मुलाचा मेसेज असेल तर त्यातल्या पोलीस स्टेशनचा नंबर इंटरनेटवर वेगळा शोधून फोन करा, मेसेजमधल्या नंबरवर नको. ते मूल कधीच सापडून घरी गेलेलं असतं आणि आईबापांना अजून फोन चालू असतात असंही होतं.

पायरी २: अंगात काय होतंय ते बघा

वाचल्या वाचल्या राग आला, भीती वाटली किंवा अभिमानाने छाती भरून आली, तर तिथेच थांबायचं. फोन खाली ठेवा, पाणी प्या, दहा मिनिटांनी परत बघा. तापलेल्या डोक्याने कोणीही तपासत नाही, आणि मेसेज लिहिणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. "लवकर पाठवा", "डिलीट व्हायच्या आत बघा", "मीडिया हे दाखवणार नाही", "खरा मराठी असाल तर शेअर कराल" ही वाक्यं दिसली की समजायचं की तुमच्याकडून घाई करून घ्यायचीय.

भीतीच्या मेसेजवर लोक हल्ली जरा तरी शंका घेतात. अभिमानाच्या मेसेजवर कोणी घेत नाही, आणि माझ्या मते तेच जास्त फिरतात. आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोने जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत घोषित केलं हा मेसेज पंधरा वर्षांहून जास्त काळ फिरतोय, युनेस्कोने असलं काही कधीच जाहीर केलेलं नाही. दर दिवाळीला येणारा तो फोटो आठवा, अवकाशातून दिसणारा भारत, रंगीबेरंगी झगमगणारा, खाली लिहिलेलं "दिवाळीच्या रात्री नासाने काढलेला फोटो". तो एका रात्रीचा फोटोच नाही. अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या शास्त्रज्ञाने २००३ मध्ये उपग्रहाच्या आकडेवारीवरून बनवलेलं ते चित्र आहे. रात्रीचे दिवे वर्षानुवर्षं कसे वाढत गेले ते दाखवायला वेगवेगळे रंग भरलेत, पांढरे भाग १९९२ च्या आधीचे, निळे १९९२ चे, हिरवे १९९८ चे आणि लाल २००३ चे. नासाने २०१२ मध्ये याचा खुलासाही केला, तरी चित्र दर वर्षी येतंच. देशावर प्रेम असणं वेगळं आणि चुकीची माहिती पसरवणं वेगळं. उलट देशावर प्रेम आहे म्हणूनच त्याच्याबद्दल खोटं बोललं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक अवघड गोष्ट इथेच सांगते. आपल्या आवडत्या पक्षाच्या, आपल्या जातीच्या, आपल्या देवाच्या बाजूचा मेसेज असला की तपासायला हात पुढे होत नाही. विरोधातला असला की आपण लगेच फॅक्टचेक (म्हणजे दावा खरा की खोटा ते तपासून लिहिलेली बातमी) शोधायला धावतो. तपासायची खरी गरज पहिल्या जागी असते. ज्यावर विश्वास ठेवावा अशी मनातून फार इच्छा होतेय, तेच आधी तपासा.

पायरी ३: फोटो आणि व्हिडिओ उलटा शोधा

हे शिकायला पाच मिनिटं लागतात आणि एकदा जमलं की आयुष्यभर पुरतं. फोटो सेव्ह करा, गूगलचं ॲप उघडा, शोधायच्या चौकटीत कॅमेऱ्याचं चित्र असतं त्यावर दाबा (त्याला गूगल लेन्स म्हणतात) आणि तो फोटो निवडा. तोच फोटो इंटरनेटवर आधी कुठे कुठे आलाय ते दिसतं. तुम्हाला सगळ्यात जुनी तारीख शोधायचीय. आजच्या दंगलीचा म्हणून आलेला फोटो चार वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच देशातल्या बातमीत सापडला की विषय संपला.

व्हिडिओ असेल तर एखाद्या स्पष्ट दृश्यावर थांबवा, स्क्रीनशॉट घ्या, आजूबाजूची काळी पट्टी आणि वरचा मजकूर कापा आणि तो स्क्रीनशॉट लेन्समध्ये टाका. एकाने नाही सापडलं तर दोन-तीन वेगळी दृश्यं घेऊन बघा.

आणि डोळे उघडे ठेवून बघा. पावसाळ्यात आमच्या ग्रुपवर हमखास "आत्ताचा पूर" म्हणून व्हिडिओ येतात. मी काय बघते तर दुकानांच्या पाट्या कुठल्या लिपीत आहेत, गाड्यांच्या नंबर प्लेट एमएच आहेत का, बस आपल्या एसटीची आहे की दुसऱ्या राज्याची, लोकांनी अंगात काय घातलंय, मागे कोणी बोलत असेल तर कुठली भाषा बोलतंय. कोल्हापूरच्या म्हणून आलेल्या व्हिडिओत मागच्या मेडिकलची पाटी तेलुगूत असते तेव्हा लेन्सचीही गरज पडत नाही. आवाज मात्र सहज बदलता येतो, म्हणून मराठीत कोणी ओरडताना ऐकू आलं एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

लिहिलेला दावा असेल तर त्यातले दोन-तीन मुख्य शब्द गूगलला टाका आणि पुढे "फॅक्टचेक" लिहा. बूम, ऑल्ट न्यूज, विश्वास न्यूज या साईट हे काम रोज करतात, विश्वास न्यूजचं मराठीतही आहे. केंद्र सरकारच्या योजनांबद्दल, नोटांबद्दल, परीक्षांबद्दल दावा असेल तर पीआयबी (केंद्र सरकारचं प्रसिद्धी कार्यालय) फॅक्ट चेक बघा, फक्त ते सरकारचंच खातं आहे हे लक्षात ठेवून बघा. फॅक्टचेक करणाऱ्यांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका, त्यांनी मूळ व्हिडिओची लिंक दिलीय का, कोणाला फोन करून विचारलं ते लिहिलंय का ते वाचा. पुरावा दाखवतो तो बरा.

पायरी ४: सरकारी पत्र आणि लिंक

जोराचा पाऊस सुरू झाला की जिल्हाधिकाऱ्यांचं पत्र ग्रुपवर येतं, उद्या शाळांना सुट्टी. पत्र खरंही असतं, सही-शिक्का असतो, फक्त ते गेल्या वर्षीचं असतं किंवा दुसऱ्या जिल्ह्याचं असतं. म्हणून कोपऱ्यातला जावक क्रमांक आणि तारीख झूम करून वाचा, वर कार्यालय कुठलं ते वाचा, आणि मग जिल्हा माहिती कार्यालयाच्या किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकृत पेजवर तेच आहे का बघा. तारखेवर बरोबर अंगठा आलाय किंवा तेवढाच भाग अंधुक झालाय असा फोटो असेल तर सोडून द्या.

लिंकचं जास्त गंभीर आहे. लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये सुरू झाली, महिन्याला १५०० रुपये म्हटल्यावर घराघरात चर्चा, आणि लगेच खोट्या लिंकही सुरू झाल्या. "केवायसी (ओळखीची कागदपत्रं तपासून घेणं) करा नाहीतर हप्ता बंद" असा मेसेज आला की बाई घाबरून आधार नंबर, बँकेचा नंबर आणि ओटीपी सगळं भरून मोकळी होते. लिंकचा पत्ता वाचायची पद्धत अशी आहे, सुरुवातीचं "https://" सोडून द्या, त्यानंतर पहिली तिरकी रेघ येते तिच्या आधीचा भाग घ्या आणि त्याचं शेपूट बघा. महाराष्ट्र सरकारच्या बहुतेक योजनांची साईट "महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन" (maharashtra.gov.in) वर संपते. पत्त्याच्या सुरुवातीच्या भागात कोणीही "लाडकी", "महा", "योजना" काहीही लिहू शकतं, शेपटात मात्र "गव्ह डॉट इन" कोणालाही मिळत नाही, ते फक्त सरकारला मिळतं. शेपूट "डॉट कॉम", "डॉट एक्सवायझेड", "डॉट ऑनलाइन" असेल तर तिथे एक अक्षरही भरू नका.

आणि लग्नाची पत्रिका म्हणा, आरटीओचं चलान म्हणा, फाईलच्या नावाच्या शेवटी "एपीके" असेल तर ती उघडायची नाही. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे ॲप, ते एकदा फोनमध्ये बसलं आणि तुम्ही परवानग्या दिल्या की तुमचे ओटीपीचे मेसेज दुसऱ्याला वाचता येतात.

पायरी ५: जाहिरात ओळखा आणि उलगडून बघा

फेसबुक-इन्स्टावर पोस्टच्या वर नावाखाली "प्रायोजित" किंवा "स्पॉन्सर्ड" लिहिलेलं असतं, फिक्या रंगात आणि लहान अक्षरात. रोज फोन उघडला की आधी हा शब्द शोधायची सवय करा, आठवडाभरात डोळा बसतो. यूट्यूबवर व्हिडिओच्या आधी येते ती जाहिरात सगळ्यांना कळते, पण शोधाच्या यादीत वर येणारी जाहिरात बऱ्याच जणांना कळत नाही. गूगलवर बँकेचा कस्टमर केअर नंबर शोधताना तर फार जपा, नंबर पासबुकच्या किंवा कार्डच्या मागचाच घ्या.

आता एक जाहिरात जवळून बघू. आमच्या शेजारच्या काकूंना फेसबुकवर "शुगर मुळापासून घालवणारी" पावडर दिसली आणि त्या गोळ्या बंद करायला निघाल्या होत्या. मी म्हटलं काकू, थांबा, गोळ्या नका बंद करू, आधी आपण दोघी मिळून ही जाहिरात बघू. पांढरा कोट घातलेला माणूस, गळ्यात स्टेथोस्कोप, पण नाव नाही, डिग्री नाही, नोंदणी क्रमांक नाही. त्याचा फोटो लेन्समध्ये टाकला तर तोच माणूस कुठे दातांच्या पेस्टबद्दल बोलतोय, कुठे केसांच्या तेलाबद्दल, म्हणजे तो पैसे देऊन मिळणाऱ्या फोटोंतला मॉडेल. खाली "माझी शुगर २१ दिवसांत नॉर्मल" असे अनुभव, सगळ्यांची वाक्यं जवळपास एकसारखी. वर लाल घड्याळ उलटं चालतंय, "ऑफर संपायला ९ मिनिटं". आम्ही पान बंद करून परत उघडलं, घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. काकूंना तिथेच पटलं, मला फार बोलावंच लागलं नाही.

ही घड्याळाची युक्ती तुम्ही कुठेही करून बघू शकता. खोटी घाई दाखवणं, नकळत टोपलीत जास्तीची वस्तू टाकणं, वर्गणी सुरू करायला एक बटण आणि बंद करायला दहा, असल्या १३ प्रकारांना केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये डार्क पॅटर्न ठरवून बंदी घातलीय. आणि मधुमेह, कॅन्सर असल्या आजारांवर औषध आहे अशी जाहिरात करणं तर १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्यानेच बंद आहे. म्हणजे "डायबेटिस बरा करतो" अशी जाहिरात दिसली तर औषध चांगलं की वाईट ही चर्चाच करायची गरज नाही, ती जाहिरातच बेकायदेशीर आहे.

पुढचं बघायचं ते पेज. फेसबुक पेजवर माहितीच्या भागात "पेज ट्रान्सपरन्सी" असतं. तिथे पेज कधी बनलं, आधी नाव काय होतं, आणि पुष्कळ वेळा ते चालवणारी माणसं कुठल्या देशातून चालवतात ते दिसतं. आयुर्वेदाचं पेज आणि दोन वर्षांपूर्वीचं नाव मोबाइल कव्हरच्या दुकानाचं, असं निघालं की काय समजायचं ते समजा. मेटाची (फेसबुक-इन्स्टा चालवणाऱ्या कंपनीची) "ॲड लायब्ररी" कोणालाही फुकट उघडता येते, पेजचं नाव टाकलं की त्यांच्या आत्ता चालू असलेल्या सगळ्या जाहिराती दिसतात, आणि एकच माल दहा वेगवेगळ्या आजारांवर विकताना दिसतो.

जाहिरातीच्या वरचे तीन ठिपके दाबून "मला ही जाहिरात का दिसतेय" हेही एकदा बघा. तुमचं वय, तुमचं शहर, तुम्ही कुठल्या प्रकारचे व्हिडिओ बघितले हे त्यात येतं. काकूंनी आदल्या आठवड्यात "शुगर कमी करायचे घरगुती उपाय" असे व्हिडिओ बघितले होते. जाहिरात देणाऱ्याला काकू माहीत नाहीत, पण पन्नाशीच्या पुढच्या बायकांना दाखवा एवढं ॲपला सांगता येतं, आणि शुगरचे व्हिडिओ कोण बघतं ते ॲपला माहीत असतं. आजारी माणसाची काळजी अशी विकली जाते याचा मला खरंच राग येतो.

पायरी ६: ओळखीचा चेहरा

इन्फ्लुएन्सरवर (म्हणजे सोशल मीडियावर पुष्कळ लोक ज्याला बघतात अशा माणसावर) आपला विश्वास बसतो कारण तो रोज घरातल्यासारखा बोलतो. त्याने क्रीम, ॲप, क्लास काहीही सुचवलं तर "पेड पार्टनरशिप", "ॲड", "कोलॅबोरेशन" असं काही लिहिलंय का बघा. जाहिरात मानक परिषदेने म्हणजे आस्कीने २०२१ मध्ये याचे नियम केले आणि जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार खात्यानेही सांगितलं की पैसे, फुकटची वस्तू, ट्रिप काहीही मिळालं असेल तर ते ठळकपणे सांगायलाच पाहिजे. लेबल लावणारा मला जास्त प्रामाणिक वाटतो. लेबल नाही पण खाली डिस्काउंट कोड आहे, तर त्या कोडमधून त्याला कमिशन जात असणार हे धरून चाला.

पैशाचा सल्ला असेल तर वेगळंच माप लावा. शेअर कुठला घ्यायचा हे सांगायला सेबीची (शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची) नोंदणी लागते, सल्लागाराचा नंबर "आयएनए" ने सुरू होतो, रिसर्च ॲनालिस्टचा "आयएनएच" ने. नंबर मागा आणि सेबीच्या साईटवर नाव जुळतंय का ते स्वतः बघा, कारण दुसऱ्याचा खरा नंबर स्वतःच्या नावाखाली लावणारेही आहेत. टेलिग्राम ग्रुपमध्ये रोज नफ्याचे स्क्रीनशॉट टाकणारे निम्मे मेंबर त्यांचेच असू शकतात.

चेहराही आता पुरावा राहिलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरचा एक व्हिडिओ फिरला, त्यात तो एका गेमिंग ॲपची तारीफ करतोय. सचिनला स्वतः सांगावं लागलं की व्हिडिओ खोटा आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराच्या (एनएसईच्या) प्रमुखांचा आवाज आणि चेहरा वापरून शेअरच्या टिपा देणारे व्हिडिओ आले, एनएसईला लोकांना सावध करावं लागलं. काही जण सांगतात ओठ बघा, डोळ्यांची उघडझाप बघा. मी ते शिकवत नाही, कारण हे व्हिडिओ महिन्यागणिक सुधारतायत आणि डोळ्यांवर भरवसा ठेवला तर आज ना उद्या फसणारच. त्याऐवजी व्हिडिओतून बाहेर पडा आणि त्या माणसाच्या स्वतःच्या जुन्या, खऱ्या खात्यावर जा. तिथे तो व्हिडिओ आहे का? एवढा मोठा माणूस एवढं मोठं बोलला तर एकाही वर्तमानपत्रात का नाही?

घरातल्या माणसाच्या आवाजात पैसे मागणारा फोन आला तर ठेवून द्या आणि त्याच्या नेहमीच्या नंबरवर तुम्ही फोन लावा.

पायरी ७: बातमी

थंबनेल (व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारं चित्र) बघून मत बनवू नका, व्हिडिओत ते वाक्य असतंच असं नाही. "खळबळ", "मोठा गौप्यस्फोट" आणि शेवटी प्रश्नचिन्ह, अशा मथळ्यातलं प्रश्नचिन्ह काढून वाचा आणि मग आत त्याला आधार आहे का बघा. बहुतेक वेळा उत्तर "अजून काही ठरलेलं नाही" असंच निघतं. बातमीत कोण बोललं, कुठे बोललं, कधी बोललं हे असायला हवं. सगळीकडे नुसतं "सूत्रांच्या माहितीनुसार" असेल तर थांबा, दोन दिवसांनी कळेलच.

छापील पेपर आहे म्हणून सगळं खरं असंही नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी आपल्याकडच्या मोठ्या मराठी दैनिकांत एकाच नेत्याचं गुणगान करणारा शब्दन्‌शब्द सारखा मजकूर बातमी म्हणून छापून आला होता, पत्रकार पी. साईनाथ यांनी "द हिंदू" मध्ये ते उघड केलं आणि मग देशभर पेड न्यूजची म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांची चर्चा झाली. आजही पुरवणीत कोपऱ्यात बारीक अक्षरात "ॲडव्हर्टोरियल" किंवा "मीडिया इनिशिएटिव्ह" लिहिलेलं असतं, ते पान विकलेलं असतं. साईटवर बातम्यांच्या रांगेत मधेच "प्रायोजित" असतं, तेही तेच. तरी माझं मत असं की चार पेपर बदलून बदलून वाचणारा माणूस, फक्त फॉरवर्ड वाचणाऱ्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो, कारण पेपरला पत्ता असतो, संपादकाचं नाव असतं आणि चुकलं तर खुलासा मागता येतो.

पायरी ८: फीडला (ॲप पुढ्यात टाकतं त्या यादीला) वळण लावा

ॲप तुमच्या लाइकपेक्षा तुम्ही किती वेळ थांबलात ते बघतं. भांडणाच्या व्हिडिओवर शिव्या घालत का होईना दोन मिनिटं थांबलात की अजून दहा भांडणं येतात, आणि मग आपल्याला वाटतं की सगळं जगच असं झालंय. नको असलेल्या रीलवर दाबून धरा, "नॉट इंटरेस्टेड" करा, नुसतं वर सरकवू नका. यूट्यूबची वॉच हिस्टरी (आधी काय काय बघितलं त्याची यादी) पुसली आणि बंद केली तर पहिलं पान जवळपास रिकामं दिसतं, मग तुम्हाला जे बघायचंय ते स्वतः शोधून बघता येतं. मला हे फार आवडतं. घरात एकाच फोनवर आजोबा आणि नातू दोघं बघत असतील तर वेगळी खाती करा, नाहीतर दोघांनाही नको ते दिसत राहतं.

पायरी ९: चूक दिसली, किंवा पैसे गेले, तर

पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, घरच्यांना सांगायची वाट बघू नका, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवली जायची शक्यता जास्त. नंतर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर लेखी तक्रार करा, व्यवहाराचा नंबर, स्क्रीनशॉट, समोरच्याचा नंबर काहीही पुसू नका. फसव्या जाहिरातीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खोट्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत.

फॅमिली ग्रुपवर कोणी मोठ्यांनी चुकीचं टाकलं तर सगळ्यांसमोर "फेक आहे" असं लिहून मोकळं होऊ नका. त्या माणसाचा अपमान होतो आणि पुढच्या वेळी तो हट्टाने टाकतो. आधी त्यांना वैयक्तिक मेसेज करा, फोन केला तर अजून चांगलं. मी साधारण असं लिहिते: "मामा, मघाशी टाकलेला व्हिडिओ मी पण बघितला, मलाही काळजी वाटली म्हणून जरा शोधलं. तो जुना आहे, दुसऱ्या राज्यातला आहे, ही त्याची मूळ बातमी. तुम्हीच ग्रुपवर सांगितलंत तर सगळे ऐकतील." बहुतेक मामा ऐकतात. मेसेज पाठवून साधारण दोन दिवसांच्या आत असेल तर तो दाबून धरून "सर्वांसाठी डिलीट करा" होतं, ते कसं करायचं तेही त्यांना दाखवा, आणि ज्या ज्या दुसऱ्या ग्रुपवर त्यांनी तो पाठवलाय तिथेही खुलासा टाकायला सांगा.